उरलेल्या काचेचा ग्लास

८ फेब्रु. १९८८, सोम.
शुक्रवारपासून डोक्यात तो निळा ग्लास.
मंदा पॅकिंगमध्ये डबा विसरलेली, तो द्यायला ठाकुर्लीला तिच्या घरी गेलेलो. मांडणीवर स्टीलच्या पेल्यांत एकच काचेचा. निळा, फुंकलेला, आमच्याच भट्टीचा. काठाखाली मुगाएवढा बुडबुडा, एका अंगाला कललेला. असला माल शेठ गेटबाहेर जाऊ देत नाही. बुडबुडा दिसला की भंगाराच्या पिंपात, परत वितळायला.
"हा कुठून?"
"मिळाला."
मिळाला म्हणजे काय? कोणीतरी दिला.
बूड बघायचं होतं. फुंकायच्या दांडीवरून ग्लास तोडला की बुडाला व्रण राहतो, व्रणावरून माणूस कळतो. चाचांचा घासून गुळगुळीत. दिन्याचा मधोमध, शर्टाच्या बटणासारखा. माझा कडेला सरकलेला, डावखुरा ना. फुंकणारे आम्ही तिघंच. हात घातला तोच तिची आई बाहेर आली. "विलास, चहा घेतोस ना रे?" राहिलं.
चाचा साठीचे. म्हणजे उरला कोण?

९ फेब्रु.
दिवसभर दिन्यावर नजर. दोनदा पॅकिंगकडे गेला. एकदा सुतळी मागायला. फुंकणाऱ्याला सुतळी कशाला?
शेवटी त्यानेच विचारलं. कोळीवाड्यातला, तिथलंच बोलतो, मासळीशिवाय वाक्य नाही. "काय बगतंस रं सकालपासून? माजे तोंडाला मावरा लागलाय काय?"
सगळे हसले. मंदापण. ती कशाला हसली?
आठवतंय, गेल्या महिन्यात दि. ने निळा केलेला. दर गुरुवारी भट्टीतल्या भांड्याच्या तळाशी उरते ती काच कारागिरांची, प्रत्येकाने एकेक नग स्वतःसाठी करायचा. चाचांचा नियम, शेठही काही बोलत नाही. त्याचा तो निळा गेला कुठे? मी विचारलेलं नाही, त्याने सांगितलेलं नाही.

१० फेब्रु.
जेवणाच्या सुट्टीत मं.ला गाठलं. सरळ विचारलं, ग्लास कोणी दिला.
"तुला काय करायचंय?"
"करायचंय."
"मग शोध."
वर दुसरंच सांगितलं. खडवलीचं स्थळ आलंय. एकवीस तारखेला बघायला येणार. त्याच्या आत घरी तुझं नाव घेऊ का, आणि घेतलं तर बाबांना काय सांगू, म्हणाली. "कॉलेज अर्धं, भांडणं पुरी?"
मी म्हटलं, नाव घे. म्हणाली, "मला आधी बघू दे." काय बघणार आहे? कोणाकोणाला बघणार आहे?
सरांशी वाद घालून एस.वाय.ला वर्गातून उठलो, तो परत गेलो नाही. ते मं. विसरू देत नाही. कोणालाच विसरू देत नाही.

११ फेब्रु., गुरु.
आज हिरवी काच उरलेली. ठरवून केला. काठ पातळ, पोट सरळ, एक बुडबुडा नाही. आजवरचा सगळ्यात चांगला. चाचा म्हणाले, "अब आया हाथ में."
थंड करायच्या भट्टीत ठेवला. रात्रभर हळूहळू निवू द्यावा लागतो. वळून बघतो तर दि. पण एक करतोय, काठाला लाल दोरी फिरवून. कोणासाठी रे? तर नुसता हसला. आणि तोही त्याच भट्टीत, माझ्या शेजारी.
म्हणजे उद्या सकाळी हा पहिला येऊन काढणार. शुक्रवारची सुट्टी, याचं घर जवळ, मी डोंबिवलीहून येईपर्यंत हा ठाकुर्लीत.
तासाभरात माझा काढला. चिंध्यांत गुंडाळला, वर पेपर. चाचा नमाजाला गेलेले.
गेटवर मं.ला दिला. दोन्ही हातांत धरून म्हणाली, "अरे, गरम आहे अजून." एवढी खूश कधी पाहिली नव्हती.
आता दे म्हणावं तुझा लाल काठाचा.

१२ फेब्रु.
हे लिहायची लाज वाटते.
ठाकुर्लीला गेलो, मुद्दाम, दि. येतो का बघायला. तो आला नाही. मं.ने त्याच निळ्या ग्लासात पाणी दिलं. प्यायलो, वर उचलून तळाकडे बघितलं.
व्रण कडेला सरकलेला.
माझा. शिकत होतो तेव्हाचा. दिवसाला दहा फेकायचो, कोण लक्षात ठेवतो.
"पिंपातून काढून घेतला," ती म्हणाली. "आपटलास इतक्या जोरात, तरी फुटला नव्हता. शेठना विचारून घेतलाय, चोरी नाही."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तू विचारलंस कोणी दिला. कोणी दिलाच नव्हता."
हिरवा शेजारीच, पुसून ठेवलेला. त्याच्याकडे बघवेना.

१३ फेब्रु.
दि. चा लाल काठाचा त्याच्या आईसाठी होता. तिला मोतीबिंदू, बिनरंगी काच दिसत नाही, दोन फोडले. निळाही तिलाच दिलेला, पण तो फळीवर अंधारात हरवतो, म्हणून लाल काठ. सुतळी तिच्या खाटेला. सगळं न विचारता सांगितलं. मला वर बघता येईना.
चाचांना आडून विचारलं, लवकर काढलेल्या ग्लासाचं काय होतं. त्यांना कळलंच. "बाहर से ठंडा, अंदर से गुस्से में. कभी हाथ में टूटेगा, कभी रखे-रखे. आठ दिन निकाल ले तो शायद निकाल ले."
संध्याकाळी मं.ला खरं सांगितलं. दि. वरचा संशयही. परत दे म्हणालो, दुसरा करतो.
मग म्हणाली, "दिलेला परत नाही देत मी. आठ दिवस ना? बघू. टिकला तर बाबांना तुझं नाव सांगते."
"आणि फुटला तर?"
"तर मला कळेल, तू घाईत काय काय करतोस."
गरम ओतू नकोस म्हटलं. "बरं" म्हणाली. तिचं बरं म्हणजे काय ते कधी कळतं का?

१६ फेब्रु.
पाचवा दिवस. आता माणसांवर संशय नाही, ग्लासावर आहे. काल मं.च्या दारात उभा होतो, आतून टिक असं आलं. मांजर असेल. भांडं तापलं असेल. विचारलं नाही.
दि. ने आज स्वतःहून विडी दिली. घेतली.

१८ फेब्रु., गुरु. (डबा खाताना)
मं. कामावर आली. उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं.
"काय झालं?"
"विळी लागली. भाजी चिरताना."
"ग्लास?"
"आहे की."
"आहे म्हणजे कसा आहे?"
"उद्या घरी ये. सुट्टीच आहे. बाबापण आहेत." आणि पॅकिंगचे ग्लास पेपरात गुंडाळायला लागली, फडक्याच्या बोटांनी, हळू.
विळीचा काप सरळ असतो, काचेचा वाकडा. मला बघून सांगता येतं, माझेच दोन्ही हात कापांनी भरलेत. आणि विळी तर एकाच बोटाला...
फडकं सोडून दाखव म्हणणार होतो. नाही म्हटलं.
भांड्यात आज पिवळी काच आहे. तळाशी उरेल. एक करणार. उद्या सकाळपर्यंत भट्टीचं झाकण उघडणार नाही, मग जाईन.