अनफेअर म्हणजे काय, माय

माय, मी बोलून राहिली आहे आणि माझ्या लेकीची लेक लिहून राहिली आहे. मला अक्षर येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत! नात म्हणते, "आजी, तू बोल, मी शुद्ध करून लिहितो." मी म्हटलं, कर बापा शुद्ध, पण मायले मीच बोलून राहिली असं वाटलं पाहिजे. तू गेलीस तेव्हा गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होता. मग जिल्ह्याची वाटणी झाली आणि तुझं माहेर पलीकडे गेलं. आपलं आंधळगाव जागच्या जागी आहे. मीही.

नात भरतीच्या परीक्षेला बसते आहे. काल ओसरीत येरझारा घालत इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ पाठ करत होती, माणूस माणसाशी वाईट कसा वागतो त्याचेच सगळे शब्द. मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. "अनफेअर," ती म्हणाली. मी म्हटलं, "हे मले येते. टीव्हीवर ते क्रीमवाली सांगते ना, फेअर म्हणजे गोरं. अनफेअर म्हणजे मी." पोरगी हसून हसून खालीच बसली. "अवो आजी, अनफेअर म्हणजे अन्याय. एकाले एक अन् दुसऱ्याले दुसरं." "मंग असं सांग ना, माही माय म्हणून!"

रागावू नको. तुझ्यावरचा हा आळ मी सासरी, माहेरी, विहिरीवर, साऱ्यांना ऐकवला आहे. भावाच्या भातावर साय, माझ्या भातावर ताक. तो पाटी घेऊन शाळेत, मी चरख्यापाशी बाबांच्या मागावरच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला, आणि वरून तुझं, "हात चालव, तोंड नको चालवू." नातीला वाटलं आजीला शब्द आवडले; तिने दुसरा काढला, पार्शल. मी म्हटलं, हॉटेलातलं? तर नाही, एकाच लेकराकडे झुकणारी. तेव्हा मला ते गोंडे आठवले. लुगड्याच्या काठातून उरलेलं लाल रेशीम तू महिनाभर कुठेतरी लपवून ठेवलंस आणि एका सकाळी माझ्या वेणीला गोंडे बांधलेस. भाऊ भोकाड पसरून रडतो आहे, "मले काहून नाही?" आणि तू पोळपाटावरून मान वर न करता म्हणतेस, "तुले वेणी आहे काय?" आता हे लिहिता लिहिता नात थांबली आहे. "आजी, हे पण पार्शलच झालं न?" झालं तर झालं. तेवढं पार्शल मला चालतं.

तिसरा शब्द होता नेग्लेक्ट. लक्षच न देणं. तो ऐकला आणि शेंग हातातच राहिली. शाळेचे गुरुजी माझं नाव टाकायला घरी आले होते, तो दिवस समोर आला. मी आयुष्यभर सांगत आले, मायने मला बोलावलंच नाही. तुझ्या तोंडावरही सांगितलं, माझ्या लग्नानंतर. तू म्हणालीस, "हाक मारली होती वो, पोरी." मी म्हटलं, "मागाच्या खटखटीत मले काय ऐकू येणार?" तू सूप उचललंस. तांदूळ पाखडत राहिलीस.

मी नातीला विचारलं, "एकदा हाक मारते अन् दुसऱ्यांदा नाही मारत, अशा मायले इंग्रजीत काय म्हणते?" तिने वही दोनदा चाळली. नाही सापडलं. दुसरी हाक मारली असतीस तर मी आले असते, माय, हे मी आजही म्हणेन. तुला कांड्या भरणारी हवी होती, तेही म्हणेन. पण बाकीचं आज या पोरीसमोर पहिल्यांदा सांगते. आदल्या दिवशी भाऊ शाळेतून हाताला वळ घेऊन आला होता, म्हणून मी मागाच्या खड्ड्यात, बाबा पाय सोडून बसायचे तिथे, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

नात विचारते, पत्ता काय टाकू? कुठे टाकायचं आहे हे! राहू दे वहीत, तिच्या शब्दांच्या मागच्या पानावर. फक्त एवढं लिही म्हटलं: बाबा त्या दिवशी बाजाराला गेले होते. माग बंद होता.