वकिलाच्या रेषा, दादाची सावली

बोलोन्या, संत पेत्रोनिओचा सण उरकल्यावर

तीर्थस्वरूप आन्साल्दोदादांना धाकट्या चुलतभावाचा, तिबुर्त्सिओचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मोदेनाच्या धुक्यात तो दुखणारच. (वहिनी गेल्यापासून तुम्ही तेल लावत नसणार, हे मी इथून सांगतो.) माझी प्रकृती ठीक, नोकरीची तेवढी नाही.

झालं असं की आमच्या छापखान्यात वकील पॉम्पेओ बर्ताझो आले. फेर्राराच्या जिनेव्राबाईंशी त्यांच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं आणि मुलीकडच्यांनी आधी चेहरा मागितला होता. वकिलांना प्रत्यक्ष धाडण्यापेक्षा कागदावर धाडणं आमचे मालक फुल्जेन्झिओ यांनाही बरं वाटलं. आता रंगीत चित्राला ठसे लागतात तीन: एक फिक्या रंगाचा, एक सावल्यांचा आणि शेवटी काळ्या रेषांचा. तिन्ही मीच नासपतीच्या लाकडात कोरले. फक्त छापताना फळीवरून सावल्यांचा जो ठसा उचलला तो तुमचा निघाला, तुमच्या लग्नातल्या चित्राचा. (माप एकच, आणि सावल्यांच्या ठशावर नाकडोळे नसतात, नुसते डाग. त्यात माणूस ओळखायचा कसा?) म्हणजे रेषा वकिलांच्या आणि सावली तुमची. त्यामुळे वकिलांना हनुवटी आली.

वकिलांनी चित्र पाहून स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला. म्हणाले, "अखेर कुणीतरी मला नीट पाहिलं." मालकांच्या मात्र लगेच लक्षात आलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिबुर्त्सिओ, सोयरीक जुळली तर मी काही पाहिलं नाही. मोडली तर तूही चालता हो."

होकार उलट टपाली आला. मी सुटलो असं समजून मेणबत्तीसुद्धा लावली. परवा बाई मावशीला घेऊन स्वतःच हजर, चित्र हातात. त्यांनी वकिलांना खिडकीशी उभं केलं, चित्र त्यांच्या कानाशी धरलं आणि माझ्याकडे वळल्या. "रेषा यांच्याच आहेत हो. पण यांच्यामागे उभं कोण आहे?" मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्यांच्यापुढे जमलं नाही. वाईट वाटतं ते वकिलांचं. सोयरीक मोडली तरी जाताना त्यांनी ते चित्र मागून नेलं.

आपला,
तिबुर्त्सिओ

ता. क. बाईंना तुमचा पत्ता दिला आहे. गुरुवारच्या घोडागाडीने त्या तिकडे येत आहेत. दाढी करा. मीही त्याच गाडीत आहे, सामानासकट; माडीवरची खोली झाडून ठेवा.

आणखी ता. क. बाईंचं मन बसलंय ते चित्रातल्या डोळ्याच्या चमकेवर. ती तुमची नव्हे. फळीवर पडून पडून तुमच्या ठशाला कीड लागली, आणि भोकाला शाई लागत नाही, म्हणून डोळ्यात तेवढा ठिपका उजळ राहिला. तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसा आणि शक्यतो दिवेलागणीच्या आत होकार घ्या.