फुगलेल्या बॅटऱ्या, मागचा बोळ आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौसष्ट, धंदा हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमची दुरुस्ती, राहणार याच घरी, पुढच्या खोलीत दुकान व मागच्या खोलीत बिऱ्हाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. अशा कागदात पुढे लिहायची रीत आहे की हे मी कोणत्याही भीतीविना व दडपणाविना लिहीत आहे. ते वाक्य मला लिहिता येत नाही. मला भीती वाटते. जेवताना वाटते, पाणी तापत ठेवले की वाटते, गिऱ्हाइकाने खिशातून काडेपेटी काढली तरी मी उठून उभा राहतो. म्हणून एवढेच लिहितो की भीती माझी आहे आणि मजकूरही माझाच आहे.

मी लग्न केले नाही. माझ्यामागे धाकटा भाऊ आणि भावजय. दोघे वरच्या मजल्यावर राहतात. वर जायचा जिना माझ्या दुकानातूनच जातो, दुसरी वाट नाही. वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

कलम १. घरादाराच्या आधी हे लिहितो, कारण घर थांबेल, हे थांबणार नाही. न्हाणीघराशेजारी वाळूने भरलेला लोखंडी डबा आहे. त्यात जुन्या गेममधून काढलेल्या फुगलेल्या बॅटऱ्या आहेत. मी गेल्यावर त्या डब्याला कोणी उत्सुकतेने हात लावू नये. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, उन्हात ठेवायची नाही, ओल्या कचऱ्यात टाकायची नाही आणि 'बघू अजून चालते का' म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. डबा आहे तसा उचलून, घातक कचरा घेणाऱ्या माणसांच्या हाती द्यावा. भंगारवाल्याला देऊ नये. तो गोड बोलतो आणि सगळे एकाच पोत्यात कोंबतो.

फार जुन्या गेमचा काही त्रास नसतो. त्यांत साधे सेल असत. गळले तर पत्र्यावर हिरवा गंज चढतो, पडद्यावर उभ्या रेषा येतात, बटणाखालचे रबर मरते; माणसासारखीच हळूहळू जाणारी दुखणी. पातळ चपट्या बॅटरीचे नंतरचे गेम मात्र आतल्या गाठीचे. वरून ठणठणीत, आणि आत पोट फुगत चाललेले.

कलम २. गेल्या उन्हाळ्यात काय झाले ते इथे लिहून ठेवतो, कारण त्यावरून गल्लीत चार गोष्टी झाल्या आणि चारही खोट्या आहेत.

भंगारवाल्याकडून जुन्या गेमचे खोके आले होते. मी एका पडद्याच्या रेषा घालवत बसलो होतो. धाकटा जेवायला बोलवायला खाली आला. खोक्यातला एक गेम त्याने सहज उचलला. पाठीमागचे झाकण वर आले होते. "दादा, हे नीट बसलेलं नाही," म्हणाला आणि अंगठ्याने दाबले. मी "दाबू नकोस" म्हणेपर्यंत साप फुसकारावा तसा आवाज आला. त्याने तो टेबलावर टाकला. पांढरा धूर निघाला आणि मग ज्वाळा. धाकट्याला दोष नाही. झाकण वर आले की दाबावे, हे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटेल.

मी तो गेम मोठ्या पकडीत धरला आणि मागच्या दाराकडे धावलो. बोळात फेकायचा, फरशीवर जळून जाईल, संपले. दार ढकलले तर ते वीतभरच उघडले. फटीतून पिवळा फोम दिसला. शेजारच्या सोफावाल्याने आमच्या दाराला टेकवून फोमच्या गाद्या छतापर्यंत रचल्या होत्या. माझ्या हातात आग, आणि समोर आग लागायचीच वाट बघत असलेला ढीग. त्या फटीतून एक ठिणगी गेली असती तर आमची अख्खी रांग गेली असती. मी पायाने दार ओढून घेतले. पुढच्या रस्त्यावर आमच्या पायरीशीच बायका मुलांना घेऊन उभ्या होत्या. तिकडेही फेकता येईना.

जिना धुराने भरला होता. भावजय वर अडकली होती. मी तिला हाका मारत होतो आणि माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. वरून ती ओरडली, "दादा, मी जमिनीवर आडवी आहे, तोंडाला ओला टॉवेल आहे! माझ्याकडे येऊ नका, आधी ते विझवा!"

मग मी तो गेम न्हाणीघराच्या दगडी हौदात टाकला आणि नळ सोडला. विझायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. डाव्या हाताची दोन बोटे तेव्हापासून बधिर आहेत. चिमटा धरतो, पण धरला आहे की नाही ते डोळ्यांनी बघावे लागते.

भावजय खाली आली तेव्हा तिचा चेहरा काळा पडला होता. आधी तिने धाकट्याला बघितले, मग मला, आणि म्हणाली, "भात करपला असेल." त्यावर आम्ही तिघेही हसलो. पुढे पुष्कळ दिवस कोणी हसले नाही.

कलम ३. बोळाबाबत. हा बोळ दोन्ही घरांचा सामाईक आहे. खरेदीखतात तसे स्पष्ट आहे. मी सोफावाल्याला भेटलो, फोम हलवा म्हणालो. त्याने हलवला आणि आठवड्याच्या आत पुन्हा रचला. मी पालिकेत अर्ज केला. त्यानंतर तो दुकानात आला. खुर्ची न घेता माझ्या मागे उभा राहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी घरच्यासारखा बोलला.

"काका, एवढं कशाला मनावर घेता? जुनी घरं ही. एकदा पेटलं ते पुन्हा पेटतं. लोकही म्हणतील, त्या खेळवाल्याकडे स्फोटच व्हायचे. त्यापेक्षा हे घर मला देऊन टाका. मला गोदाम होईल, तुम्हाला झोप लागेल."

हात काढताना त्याने खांदा थोपटला. मी वळून बघितलेसुद्धा नाही. माझ्या हातातले सोल्डरिंगचे डागकाम थंड होऊन गेले.

तेव्हापासून मागच्या दाराच्या उंबऱ्यावर फोमचे तुकडे सापडतात. एकदा खिडकीच्या गजात जळकी चिंधी सापडली. वाऱ्याने आली असेल, असे धाकटा म्हणाला. वारा गजाला गाठ मारत नाही. मी घरात वास घेत फिरतो. भावजय म्हणते, मांजरासारखे करता. करतो.

माझ्या मरणाचे कारण आग असे लिहिले गेले, तर दुरुस्तीच्या टेबलाकडे बोट दाखवण्याआधी बोळ बघावा, ही तपास करणाऱ्यांना विनंती. त्या दिवसापासून मी एकही बॅटरी घरात चार्जिंगला लावलेली नाही. गिऱ्हाईक घेऊन येते तेव्हा दुकानाच्या पायरीवर, त्याच्या डोळ्यांसमोर तपासतो.

कलम ४. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझ्यामागे भावजयीच्या एकटीच्या मालकीचे होईल. धाकट्याला तिथे मरेपर्यंत राहायचा हक्क राहील; विकायचा, गहाण टाकायचा किंवा भाड्याने द्यायचा नाही. हे मी रागाने लिहीत नाही. धाकटा मनाने चांगला आहे, पण त्याला कोणी आदराने बसवून चहा पाजला की त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. सोफावाला त्याला आठवड्यातून दोनदा चहा पाजतो. धाकटा घरी येऊन मला म्हणतो, "दादा, आपण काय भांडायला जन्मलोय का?" नाही बाबा. पण जळायलाही जन्मलो नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भावजयच करील.

कलम ५. बँकेत जे असेल त्यातून घराला बाहेरून लोखंडी जिना बांधावा. मी जिवंतपणी बांधला तर उत्तमच. मिस्त्री दोनदा येऊन माप घेऊन गेला आहे आणि मिस्त्री हा मिस्त्री आहे. जिना पुढच्या रस्त्यावर उतरवावा, बोळात नाही. तोवर भावजयीने वरच्या खिडकीशी दोर बांधून ठेवावा. ती हसते. हसू दे, पण बांधावा.

कलम ६. डागायची कावी, भिंग, बारीक चिमटे, स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि सुट्या भागांचे खण समोरच्या घड्याळवाल्याला द्यावेत. खरे तर तो साक्षीदार होणार होता. डॉक्टर म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये. मी त्याला विचारले, साक्ष की चिमटे? त्याने क्षणाचाही विलंब न लावता चिमटे म्हटले. चाळीस वर्षांच्या मैत्रीची ही किंमत. तरी माझ्या बधिर बोटांची कामे वर्षभर त्यानेच केली, पैशाला हात न लावता, तोंडाने अखंड शिव्या देत. त्याला सूचना एवढीच की पडद्याच्या रेषांवर कावी टेकवताना श्वास रोखू नये, सोडावा. रोखला की हात कापतो.

कलम ७. दुकानात दुरुस्तीला आलेले गेम ज्याचे त्याला परत करावेत, झाले असोत वा नसोत. आणणारे आता पोक्त लोक आहेत. पोट पुढे, केस मागे. पण पडदा उजळून ते किरकिरे संगीत वाजले की हनुवटी थरथरते आणि माझ्याकडे न बघता 'किती झाले' विचारतात. अशा वेळी त्यांच्याकडे बघू नये. एक सरकारी साहेब पायरीवरच बसून पहिला टप्पा हरले आणि म्हणाले, "लहानपणी जमायचं हो." मी म्हणालो, "बटण मी बदललंय साहेब, अंगठा जुनाच आहे." या धंद्याने मला एवढे सुख दिले. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी भित्रा माणूस नव्हतो, हेही कुठेतरी लिहिलेले असावे.

कलम ८. मला जाळू नये. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. फॉर्म भरून झाला आहे. भावजय म्हणाली, "दादा, तेव्हा तुम्हाला काय कळणार आहे?" मी म्हणालो, "कळणार नाही असं तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "बरं. नाही जाळणार." तिच्या शब्दावर माझा विश्वास आहे, तरी लिहून ठेवतो.

इथवर काल लिहिले. दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. गल्लीत ज्याला विचारले त्याला त्या दिवशी नेमके बाहेरगावी जायचे होते. सोफावाल्याकडून प्रत्येकाने काही ना काही उधार नेलेले आहे. आज सकाळी जे झाले ते इथेच जोडतो, कारण त्याशिवाय खालची दुसरी सही कोणालाच उलगडणार नाही.

डॉक्टर साक्षीसाठी आले होते. धाकटा आणि भावजय खाली होते. तेवढ्यात पुढच्या दारात सोफावाल्याची बायको आली. इतक्या वर्षांत ती आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. पदर हातात चुरगळत होती. आत येऊन तिने दार लावले, आणि मी लगेच उठून उघडले. मला बंद दार सोसत नाही.

"उघडंच राहू दे," ती म्हणाली. "काका, तुम्ही सगळे थोडे दिवस कुठेतरी जा. त्यांनी कामावरच्या माणसाला सांगितलंय, बोळ पूर्ण भरून टाक. वर तुमच्या मीटरची वायर आहे. 'जुनी वायरिंग, कोण विचारतंय' म्हणाले. मी चहा घेऊन गेले तर बोलायचे थांबले."

मी टेबल धरून उभा होतो. पहिला हलला तो धाकटा. सरळ मागच्या खोलीत गेला. दाराला खांदा लावल्याचा आवाज आला, एकदा, पुन्हा, मग फोम कोसळल्याचा. आम्ही गेलो तेव्हा तो बोळात उतरून गाद्या एकेक ओढून रस्त्यावर टाकत होता. रडत होता आणि ओढत होता. सोफावाला दुकानातून धावत आला. "अरे, तू आपला माणूस ना?" म्हणाला. धाकट्याने पुढची गादी उचलली. रस्त्यावर माणसे जमली. घड्याळवाला भिंग डोळ्याला तसेच ठेवून आला आणि दुसरे टोक धरू लागला. एवढ्या लोकांसमोर सोफावाल्याला काही करता येईना. बोळाची फरशी दिसली.

धाकटा आत येऊन बसला तेव्हा मी त्याला कलम ४ वाचून दाखवले आणि विचारले, बदलू का? त्याने हातांवरचे फोमचे कण झाडले.

"नको दादा. तिच्याच नावावर राहू दे. उद्या मला परत कुणी चहा पाजून सही मागेल. माझ्याकडे द्यायला काही नसेल, एवढीच माझी सुटका."

कलम ४ आहे तसेच ठेवले आहे.

सोफावाल्याची बायको अजून खुर्चीत बसलेली होती. घरी जायला तिचे पाय वळत नव्हते. डॉक्टरांनी सही करून पेन ठेवले. दुसरी जागा रिकामी आहे हे तिने बघितले आणि म्हणाली, "मी करू? मला यातलं काही मिळणार नाही ना?"

मी म्हणालो, "बाई, मिळणार तर काही नाहीच. पण आज जे सांगितलंत ते यात लिहिलंय, आणि खाली तुमचं नाव राहील. एक दिवस तो वाचेल."

"हे कधी उघडतात?"

"मी मेल्यावर."

तिने पेन उचलले. "मग जगा," म्हणाली.

तिची सही मी समोर बसून बघितली. अक्षर सुवाच्य आहे, कुठेही हात कापलेला नाही. माझी सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे, बँकेने शंका घेऊ नये. हा कागद आता नोंदणीला जाईल, आणि तिथूनच आम्ही सगळे अग्निशमन दलाच्या कार्यालयात तक्रार द्यायला जाणार आहोत. ती बरोबर येते म्हणाली आहे. भावजयीने तिच्यासाठी वरची खोली झाडून ठेवली आहे.

लिहून देणार: (सही) खेळवाला

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर. लिहून देणाऱ्याने आमच्या दोघांच्या देखत सही केली. तो शुद्धीत आहे, घाबरलेला आहे, आणि काय लिहितो आहे हे त्याला पूर्ण कळते.

साक्षीदार दुसरी: (सही) शेजारीण. वरील सर्व मी ऐकले आहे. माझ्याबद्दलचे खरे आहे.

ठिकाण: दुकानाची पुढची खोली, दोन्ही दारे उघडी.
दिनांक: आजचा, नोंदणीच्या शिक्क्यावर पडेल तोच धरावा.