तिसऱ्या अंकातली रत्ना

जोगेश्वरी (पूर्व)
दि. १४ जुलै १९८६

विद्याधर भावोजी यांस,

नलिनीचा नमस्कार. सुनंदाताईंच्या गुडघ्याला त्या तेलाने उतार पडला का? आमच्याकडे पोरीची शाळा सुरू झाली, पाणी पहाटे येतं आणि लगेच जातं, बाकी चाललंय. तुमच्या आधीच्या पत्रांना उत्तर गेलं नाही, राग मानू नका. हे स्वतःच लिहिणार होते, राहून गेलं.

नाटक मिळालं. परवा अण्णा येऊन गेले. मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांचं म्हणणं एकच. "वहिनी, गणपतीत लोक पोरंबाळं घेऊन बसतात. प्रेमाच्या नाटकात हिरोच मेला तर लोक घरी काय घेऊन जाणार? सहदेवला म्हणावं, विद्याधरला समजाव. लग्न लावून टाका दोघांचं." मी म्हटलं, "ते झोपलेत, उठले की सांगते."

झोपले नव्हते.

असा दुःखाचा शेवट चालेल का, सहदेवला काय वाटतं, असं तुम्ही विचारलंत. तर झालं ते लिहिते.

नाटक मी वाचलं, त्यांनी ऐकलं. दुपारी घरातलं आवरलं की रोज थोडं. पूर्वी नवं नाटक आलं की ते स्वतःच सगळ्यांचे आवाज काढून वाचायचे, बायकांचेसुद्धा. शेजारीपाजारी दारात येऊन बसायचे. गिरणीचा संप होता तेव्हाही त्यांनी तालीम चुकवली नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. आता मी वाचते, सपाट. तिसऱ्या अंकाच्या शेवटाशी आले आणि पुढचं माझ्याने वाचवेना. मग मनाचंच सांगितलं, की धाकू बरा होतो, रत्नाशी लग्न करतो, दोघं मालवणला जातात. ह्यांनी तोंड फिरवलं. मग पोरीची पाटी ओढली आणि लिहिलं, "हे विद्याधरचं नाही."

पाटी कशाला, ते आता सांगायलाच हवं. मे महिन्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. कुणाला कळवू नकोस म्हणून बजावलं होतं. तुम्हाला तर नाहीच, कारण धाकूचं काम तुम्ही त्यांच्यासाठी लिहिलंत. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आजार खाली उतरलाय, आता आणखी कापाकापी नको. त्यांच्यासमोरच म्हणाले.

तर मग मी खरं ते वाचलं. धाकू रत्नागिरीच्या दवाखान्यात जीव सोडतो आणि इकडे मुंबईत रत्नाला तार येते. त्यांनी लिहिलं, "मरू दे. पण ती कुठे आहे?"

मी म्हटलं, "ती इथे. तार येते ना तिला."

"तिला तिथे आण."

"मग लोक जास्तच रडतील."

पुसून लिहिलं, "रडू देत. एकटा नको."

ऑपरेशनच्या दिवशी मला बाहेर बाकावर बसवलं होतं. शुद्धीवर आल्यावर खुणेने त्यांनी पहिलं तेच विचारलं होतं, कुठे होतीस. मी हात धरून बसले.

मला विचाराल तर मला अण्णांचाच शेवट हवाय. दमलेय मी, भावोजी. मला ती दोघं मालवणला गेलेली बघायचीत. पण मी तो शेवट सांगितला तेव्हा ह्यांनी तोंड फिरवलं, आणि खरा वाचला त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पेज मागून घेतली. तेव्हा चालतो म्हणायचा असा शेवट. फक्त रत्नाला आत येऊ द्या.

धाकूचं काम भीमराजला द्या. ह्यांनीच त्याचं नाव लिहिलं, आणि बराच वेळ पुसलं नाही. अण्णांची समजूत तुम्हीच घाला. नवा प्रवेश लिहिलात की टपालाने पाठवू नका, घेऊन या आणि तुम्हीच वाचून दाखवा. रत्नाचं ते बोलणं मला वाचायला जमायचं नाही.

लवकर या. गणपतीची वाट बघू नका.

दोघांच्या वतीने,
नलिनी