घुमटाखालच्या निवेदनातून ताईवरचे वाक्य काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
तारांगण.

विषय : 'भडक्यानंतरची दीर्घिका' या खेळातील थोरल्या ताईविषयीचे एक वाक्य वगळणेबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र.

महोदय,

सदर अर्जदार आपल्याकडे निवेदक असून खेळात ऐकू येणारा आवाज त्याचाच आहे. हे सांगताना हल्ली त्याची मान वर होत नाही.

१. तारानिर्मितीचा भडका ओसरला की दीर्घिकेतील निळे, तापट तारे आधी विझतात आणि ती तांबूस दिसू लागते, इथवर संहिता बरोबर आहे. पुढे "होता नव्हता तो वायू उधळून ही आता नुसती बसून आहे, आमच्या थोरल्या ताईसारखी" ही भर अर्जदाराने ध्वनिमुद्रणाच्या वेळी पदरची घातली. जिभेला हाड नसते, दुसरे काय!

२. वस्तुतः याच ताईने रात्रीचा दिवस करून, लोकांचे कपडे शिवून अर्जदारास शिकवले. भावाचा आवाज ऐकायला ती शेजारणींना घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. त्या वाक्याला सगळे हसले. सर्वांत आधी ताई हसली. घरी येताच तिने माळ्यावरचे शिलाई मशीन उतरवून घेतले. मोतीबिंदूमुळे सुईत दोरा जात नाही, बोटात सुई मात्र जाते. थांब म्हटले तर म्हणते, "अरे, नुसती बसून तरी काय करू?"

३. शिवाय वाक्य शास्त्रदृष्ट्याही चूक आहे. अशा अनेक दीर्घिकांत भडक्यानंतरही पुष्कळ वायू सापडला आहे. तो ढवळलेला असल्याने त्याचे तारे होत नाहीत, इतकेच. आणि जुने तारे अब्जावधी वर्षे उजेड देतच राहतात. ज्याने त्या उजेडात अभ्यास केला, त्याने तरी असे बोलायला नको होते.

४. अख्ख्या खेळात प्रेक्षक तेवढ्याच वाक्याला हसतात, सबब ते राहू द्यावे, असे आपण कळवले. तसे असल्यास त्या क्षणी बिघाडाचा बहाणा करून आवाज बंद ठेवावा. तेही नियमात बसत नसेल, तर प्रत्येक खेळाला घुमटाखाली उभे राहून, हा आवाज एका गाढवाचा आहे, असे ओरडून सांगण्याची परवानगी अर्जदारास मिळावी.

५. भावाने साहेबांकडे अर्ज केला, आता त्याची नोकरी जाते की काय, या धास्तीने ताईने तारांगणाच्या प्रोजेक्टरसाठी खोळ शिवली आहे. माप तिने त्या एकाच खेळात नजरेने घेतले. डावीकडची शिवण वाकडी गेली आहे. वाक्याचे आपण काय ते ठरवा, पण खोळ नीट बसली, एवढे ताईला कृपया कळवावे; बसली नाही तरी.

आपला लज्जित सेवक,
खेळातील आवाज

दिनांक : आजचा, दुपारच्या खेळाआधी

सोबत : १. वगळलेल्या वाक्याच्या जागी घालण्यासाठी दुरुस्त केलेले वाक्य. २. खोळ, नग एक.