हडपसरचे ते डॉक्टर

अण्णा, आज दवाखाना रिकामा करतोय. जागा विकली, आता इथं चष्म्याचं दुकान येणार आहे. तपासणीचं टेबल गेलं, खुर्च्या गेल्या आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यातून तुमचं हेल्मेट निघालं. तुमचं म्हणजे तुम्ही शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं, लाल, काचेवर ओरखडे असलेलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. जिवंत होतात तेव्हा तरी कुठं लिहीत होतो म्हणा. आपलं बोलणं व्हायचं ते आईमार्फत. 'त्याला विचार, जेवणार आहे का' आणि 'त्यांना सांग, जेवून आलोय'. आज मामा टेम्पो बघायला गेलेत. मामा म्हणजे इथं बाहेर बसून पेशंटचे नंबर पुकारणारे, हडपसरचेच. ते येईपर्यंत मला काही काम नाही, म्हणून लिहायला बसलो.

तो स्वयंपाकघरातला दिवस मी विसरलेलो नाही. आई मंडईतून आणलेली मेथी निवडत बसली आहे, तुम्ही पाटावर बसून पेपर वाचताय आणि मी दारात उभा राहून सांगतोय की माझं पुढचं शिक्षण संपलं. त्या काळी त्वचारोग आणि गुप्तरोग एकाच पदवीत शिकवायचे. सगळे पहिलं धरून दुसरं सोडायचे, मी दुसरं धरलं. लैंगिक आजारांचा दवाखाना काढतोय म्हटल्यावर तुम्ही पेपर खाली केलात. "अस्सं. म्हणजे कुणी विचारलं, मुलगा कशाचा डॉक्टर, तर मी काय सांगायचं? कमरेखालचा?" आईला हसू फुटलं, पण तुमचा चेहरा बघून तिनं मेथीत मान घातली. मी चिडून म्हटलं, "कमरेखालीही माणूसच असतो, अण्णा." तुम्ही पेपर परत वर केलात. "असेल. आमच्या भूगोलात नव्हता." मुलींच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस, नद्या-डोंगरांच्या पलीकडे जायची तुमची तयारी नव्हती. त्या दिवसापासून तुम्ही गावभर सांगत सुटलात की मुलगा त्वचारोगतज्ज्ञ आहे. लग्नकार्यात लोक बाह्या वर करून मला गजकर्ण दाखवायचे आणि तुम्ही लांबून बघत उभे असायचात. दवाखान्याच्या पूजेलाही आला नाहीत. सर्दी झाली म्हणालात. मे महिन्यात.

इथं काय चालायचं ते तुम्हाला कधी सांगताच आलं नाही. सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? भिंतीवरच्या जाहिराती वाचून रस्त्याकडेच्या तंबूत वर्षभर कसली कसली भस्मं खाल्लेली पोरं यायची, मूत्रपिंडं खराब करून घेतलेली. लग्न होऊन बरेच दिवस झाले तरी नवऱ्याला जवळ येऊ देत नाही म्हणून मार खाल्लेली मुलगी यायची. तिला नुसती एक जखम असायची, कुणीही न बघितलेली. वाघोलीकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलानं हळदीच्या आदल्या दिवशी विष घेतलं. त्याला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. एकदा दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत येऊन परत गेला होता, हे मला नंतर त्याच्या भावाकडून कळलं. म्हणून मी नाव विचारायचं बंद केलं. बाहेर पाटी लावली, 'नाव सांगण्याची गरज नाही', आणि मामा फक्त नंबर पुकारायला लागले. तरी लोकांची भीड जाईना. ज्या पुण्यात डोक्यावर हेल्मेट घाला म्हटलं की लोक भांडायला उठतात, त्याच पुण्यातले लोक माझ्याकडे बाकावर हेल्मेट घालून, काच खाली ओढून बसायचे. रस्त्यावर डोकं फुटलं तरी चालेल, पण इथं चेहरा दिसता कामा नये. मामा म्हणायचे, "डाक्टर, हितं बसल्याव जास्त अपघात होत्यात वाटतं."

मग तुमची पाठ दुखायला लागली. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि तो हाडांत पोचला होता. सर्जन माझा वर्गमित्र. मी तुमच्याबरोबर त्याच्या खोलीत शिरलो, तर तुम्ही वळून मला म्हणालात, "तू बाहेर थांब. तू त्वचेचा डॉक्टर आहेस, तुझं इथं काय काम?" माझ्या मित्रानं माझ्याकडे बघितलं. मी बाहेर थांबलो. त्यानं तुम्हाला सगळं नीट सांगितलं, हे मला नंतर त्याच्याकडूनच कळलं. पुरुषाच्या शरीरातल्या संप्रेरकावर हा कॅन्सर पोसला जातो, म्हणून ते तयार करणारी वृषणंच काढून टाकायची. त्यानं आजार जाणार नाही, पण काही काळ मिळेल. तुम्ही सही केलीत. तुम्ही भित्रे नव्हता, हे मला कबूल आहे.

पण घरी आल्यावर तुम्ही गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेलीत. ताट-वाटी वेगळी केलीत. सकाळी उठून स्वतःची चादर स्वतः धुवायचात, आईला हात लावू द्यायचा नाहीत. मी रविवारी सहकारनगरला तुमच्याकडे आलो की आई मला स्वयंपाकघरात ओढून न्यायची. "माझं काय चुकलं रे? इतकी वर्षं संसार केला, आता ह्यांना माझा स्पर्शसुद्धा नको झालाय. मी चहा दिला तर कप खाली ठेव म्हणतात, मग उचलतात." ती ओट्याकडे तोंड करून रडायची, म्हणजे तुम्हाला दिसू नये. तुमच्याकडे दिवस थोडे होते. ते तुम्ही भिंतीच्या अलीकडे घालवत होता आणि ती पलीकडे, आणि त्या भिंतीबद्दल बोलणं हाच माझा धंदा होता. दिवसभर मी परक्या नवरा-बायकोंना समोरासमोर बसवायचो. एकदा धीर करून तुम्हाला म्हटलं, "अण्णा, आत झोपा ना." तुम्ही म्हणालात, "तुझा दवाखाना हडपसरला ठेव. घरात आणू नकोस." मी चप्पल घालून निघालो. जिना रागारागानं उतरलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामा आत आले. हसू दाबत होते. "डाक्टर, एक म्हातारं आलंय. हेल्मेट घालून बसलंय. पर गाडी न्हाई त्याच्याकडं, बसमधनं उतरताना बघितलं म्या. बसमदी बी हेल्मेट हाय म्हंजे बघा!" मी दाराच्या फटीतून पाहिलं. धोतर, काठी, करकर वाजणाऱ्या त्या वहाणा आणि वर लाल हेल्मेट. स्वारगेटला बस बदलून, तसल्या दुखऱ्या पाठीनं, ते डोक्यावर घेऊन तुम्ही आला होतात. माझ्याकडे येणारे लोक हेल्मेट घालतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? कधीतरी येऊन लांबून बघून गेला होतात का? मला हसू आलं, ते दाबून मी खुर्चीत जाऊन बसलो.

तुमचा नंबर आला. आत आलात, दार लावून घेतलंत, हेल्मेट काढून माझ्या टेबलावर ठेवलंत, केस सारखे केलेत. "नमस्कार डॉक्टर." मला म्हणालात. मी तुमचा मुलगा, समोर बसलेला. "आपल्याकडे नाव सांगावं लागत नाही, असं बाहेर लिहिलंय. ते खरं ना?" मी 'अण्णा' एवढं जरी म्हटलं असतं तरी तुम्ही हेल्मेट चढवून बसस्टॉप गाठला असता. मी तुम्हाला ओळखतो. मी म्हटलं, "खरं. बसा. काय त्रास होतोय आपल्याला?"

तुम्ही भिंतीवर नकाशा असल्यासारखे तिकडे बघून बोललात. ऑपरेशन सांगितलंत. मग म्हणालात, "वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते. ते म्हणाले, असल्या जागेचा कॅन्सर बायकोला लागतो. खरं का हो?"

"नाही."

"माहीत असून सांगताय, की माझी समजूत घालताय?"

"माहीत असून सांगतोय. आपला आजार कुणाला लागत नाही. ताटातून नाही, कपड्यातून नाही, शेजारी झोपून नाही."

"पण मला रात्री घाम फुटतो. चादर भिजते. अंग पेटल्यासारखं होतं. मला वाटलं, तो रोगच बाहेर पडतोय."

तेव्हा कुठे मला ती धुतलेली चादर कळली. अहो, त्या चादरीसाठी मी तुम्हाला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या! मी सांगितलं, की ते संप्रेरक गेल्यामुळे होतं, बायकांना पाळी जाताना होतं तसंच. मग हळूच म्हणालात, "हिला व्हायचं. रात्री उठून खिडकीत बसायची, पंखा लावायची. मी ओरडायचो, थंडी वाजतेय, बंद कर तो पंखा. ती बंद करायची." तुमचा आवाज तिथं पहिल्यांदा चिरकला. "तिला हे असं होत होतं होय?" मी मान हलवली. पाण्याचा ग्लास तुमच्यापुढे सरकवला.

पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही म्हणालात, "माझा मुलगाही डॉक्टर आहे." आणि मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी विचारलं, "कशाचा?" तुम्ही माझ्या डोळ्यांत बघितलंत. "त्वचेचा." कर्म माझं! मग मीही हट्टाला पेटलो. "मग त्याला का नाही विचारलंत?" तुम्ही काठीची मूठ चोळत राहिलात. "ह्या विषयावर त्याचं तोंड मीच बंद केलं डॉक्टर. आता माझं उघडत नाही." मी फळीवरच्या औषधांकडे बघत बसलो. जाताना तुम्ही उभं राहून विचारलंत, "तिला काय सांगू? ते सगळं तर आता होणार नाही." मी म्हटलं, "हात धरता येतो ना?" "कधी धरला नाही. म्हणजे, दिवसा." "मग दिवसा धरून बघा." तुम्ही 'बरं' म्हणालात, दारापर्यंत गेलात, परत वळून नमस्कार केलात आणि हेल्मेट टेबलावरच विसरून गेलात. मामा मागे धावत निघाले होते, मी त्यांना अडवलं. रस्त्यावर हातात पडलं असतं तर तुम्ही ते पुन्हा चढवलं असतं. घरी आणून द्यायचीही सोय नव्हती. शेजाऱ्यांना तुम्ही नवं घेऊन दिलंत, असं आई म्हणाली. कशाला नेलं होतं, ते तिला सांगितलं नाहीत.

पुढच्या रविवारी आलो तर बाहेरच्या खोलीत गादी नव्हती. तुम्ही दोघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होतात. आई एकाच हातानं सोलत होती, कारण दुसरा हात तुमच्या हातात होता. मला वाटलं, मला बघून सोडाल. सोडला नाहीत. "बघतोस काय? बस, मटार सोल," म्हणालात. मी बसलो. आपण तिघांनी ते सगळे मटार सोलले.

नंतरचं लिहावंसं वाटत नाही. कूस बदलताना तुमच्या मांडीचं हाड मोडलं. दुखणं कुठल्याच गोळीला ऐकेना आणि तुमच्यासारखा माणूस शेजारपाजार ऐकेल इतका ओरडायला लागला. शेवटी शेवटी तुम्ही मला ओळखत नव्हता, आईला मात्र ओळखायचात. ती तुमच्याजवळच पडून असायची, तुमच्या घामानं तिची चोळी भिजायची आणि ती उठायची नाही. एवढं एक झालं. विद्युतदाहिनीपाशी तुमच्या शाळेतले एक सहकारी माझा हात धरून म्हणाले, "तुम्हीच ना ते त्वचारोगतज्ज्ञ? सरांना फार अभिमान होता हो तुमचा." अण्णा, मला राग आला. बापाला निरोप देताना कुणाला बापाचा राग येतो का? मला आला. इतकं होऊन तुम्ही जाईपर्यंत तेच सांगत राहिलात. मी त्यांना हात जोडले आणि पुढं झालो.

तो राग मी बरेच दिवस सांभाळला. तुमचं वर्षश्राद्ध झाल्यावर आईनं बेसनाचे लाडू केले आणि डबा भरून माझ्या हातात दिला. म्हणाली, "हे मला सांगत होते, हडपसरला एक डॉक्टर आहेत, फार चांगले. त्यांच्यासारखा डॉक्टर पुण्यात नाही म्हणाले. त्यांच्यामुळे मी आत आलो म्हणाले. तुझ्याच भागात आहेत म्हणे. तू ओळखतोस का रे त्यांना?" मी म्हटलं, "ऐकून आहे." "मग एवढा डबा त्यांना पोचव. हे गेले, तेही सांग." तिला ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आता तीही नाही, कुणाला विचारू? तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं, ती डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते बघत होती.

मामांची हाक आली, टेम्पो आलाय. हा कागद मी हेल्मेटच्या आत घालून घरी नेणार आहे, पुढं काय करायचं ते बघू. फक्त एवढं सांगायचं राहिलं. ते लाडू मी खाल्ले. दवाखान्याचं दार आतून लावून, तुम्ही बसला होतात त्या खुर्चीत बसून, सगळे. रिकामा डबा परत दिला तेव्हा आईनं विचारलं, "काही म्हणाले का रे ते?"

"म्हणाले काहीच नाहीत," मी म्हटलं. "रडले."