ओ दिली त्याची गोष्ट

सोमवार, ६ मे
नायजेरियातल्या इबादान शहरातल्या नव्या घरात पहिल्याच दिवशी फत्ते! लांब टेबल, इन्व्हर्टर, तीन मॉनिटर. मधल्यावर कंपनीचं काम, डावीकडे गेम, उजवीकडे कॅमेऱ्यातलं माझं देखणं तोंड. काम म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांची रडगाणी ऐकून गोड बोलणं. बटण न दाबताच यंत्र बिघडलं म्हणून बोंबलणारी ही माणसं, पण माझं पोट माझ्या या आवाजावरच चालतं.

खालच्या मजल्यावरची मोरेनिकेची आई चवळी वाटून वाफवलेलं मोईन-मोईन घेऊन आली. काय रे बाळा, टीव्हीचं दुकान काढतोस की काय, म्हणाली. वर बजावून गेली, हाक आली तर आधी माणूस बघ, मग ओ दे. माझी आईही हेच सांगायची. अडाणी बायका! मग गिऱ्हाइकांना काय दारात उभं करू?

गुरुवार, ९ मे
भरदुपारी वीज गेली. इन्व्हर्टरनेही मान टाकली, तिन्ही मॉनिटरचे पडदे काळे. हेडफोन कानावरच होता. त्यात कुणीतरी म्हणालं, अकांबी. हे लाडाचं नाव फक्त आई घ्यायची आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली. माझ्या तोंडून निघून गेलं, ओ, आई.

वीज आली तशी अख्खी गल्ली वीज कंपनीच्या नावाने 'अप नेपा!' ओरडत नाचली. दिवा लागला की वरात काढणारे लोक!

शनिवार, ११ मे
कंपनीतली साहेबीण म्हणाली, आज गिऱ्हाइकाशी फारच छान बोललास. मी तर तेव्हा जेवत होतो. उजव्या पडद्यावरचा मी बोलत होता. असो, फुकटात काम होतंय. साहेबिणीला काय कळतंय?

मंगळवार, १४ मे
घसा बसला. औषधवाल्या बहिऱ्याने चारदा विचारलं, काय म्हणालात? घरी येऊन आरशासमोर बोललो. मलाच ऐकू आलं नाही.

गुरुवार, १६ मे
सगळे प्लग उपटले. पडदे चालूच. आता तो तिन्हींवर आहे. गेममधली टवाळ पोरं त्याच्याशी हसतात, माझ्याशी कधी— गाढवांनो, तो मी नाही!

शुक्रवार, १७ मे
भीती वाटते. जिन्यात मोरेनिकेच्या आईचा हात धरला. तिने स्वतःचाच दंड चोळला, म्हणाली, वारा सुटलाय.
आरशात खोली दिसते. मी—

रविवार, १९ मे
पडदे रिकामे. तो दारात उभा— माझा शर्ट घालून.
मोरेनिकेची आई वर आली. त्याला म्हणते, किती गोड बोलायला लागलास रे बाळा, आधी नुसता खेकसायचास.
तो म्हणाला, बसा ना.
ती माझ्या खुर्चीकडे— मी बसलोय इथे, दिसत नाही का— अहो, अहो मावशी, थांबा, बसू नका, मी इथे